रिकामा फलाट

वयाची पन्नाशी ओलांडलेली माणसे आगगाडीशी खेळतात असे कुणी म्हटले की आम्ही दोघे भाऊ चटकन सांगतो, "खेळत नाही, नमुने करतो." सांगताना आवाज थोडा चढतो. आमच्या मोहल्ल्यात कबुतरे पाळणारे आहेत, मांजापायी बोटे कापून घेणारे आहेत, क्रिकेटसाठी रात्र जागवणारे तर घरोघर आहेत. त्यांना कुणी जाब विचारत नाही. फळीवर रूळ ठोकून वीतभर लांबीचे डबे फिरवणाऱ्याला मात्र मशिदीच्या पायऱ्या उतरतानाही ऐकावे लागते, "काय मियाँ, अजून खेळणं सुटलं नाही?"

यावर आमच्याकडे माथेरानचे एक तयार उत्तर असते. नेरळहून डोंगर चढणाऱ्या त्या गाडीला सगळे खेळण्यातली गाडीच म्हणतात. दोन फूट रुंदीचे रूळ, टीचभर डबे. पण 1907 साली ती सुरू झाली ती अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांच्या जिद्दीमुळे. त्या काळी सुमारे 16 लाख रुपये त्यात ओतले एका बोहरी घराण्याने. हे सांगितले की विचारणाऱ्याची छाती फुगते आणि आमचे खेळणे तेवढ्यापुरते माफ होते. डोंगर फोडणारे हात कुणाचे होते हे तो विचारत नाही, आणि आम्हीही ते कधी सांगितले नाही. ही चूक फार उशिरा लक्षात आली. ती कशी, तेच इथे मांडायचे आहे.

छंद लागला तो कल्याणच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये. अब्बा लोको शेडमध्ये फिटर होते. डालडाच्या डब्याचा पत्रा कापून त्यांनी आम्हाला पहिले इंजिन करून दिले, चाकांना दोऱ्याच्या रिकाम्या रिळांचे काप. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला 14 डब्यांची गाडी आली, तिच्यात चारशे निमंत्रित होते आणि ती साहिब, सिंध आणि सुलतान या तीन इंजिनांनी ओढली, हे आम्हाला पाढ्यांआधी पाठ झाले. "सुलतान आपला," असे धाकटा म्हणायचा. पुढच्याच वर्षी, 1 मे 1854 ला, गाडी कल्याणपर्यंत आली. अब्बांच्या मते खरा इतिहास तिथून सुरू होत होता.

पत्र्याच्या इंजिनापलीकडे काही असते हे कळले ते पुण्यात. कोथरूडला भाऊसाहेब जोशींचे छोट्या रेल्वेंचे संग्रहालय 1998 साली लोकांसाठी खुले झाले. आम्ही कल्याणहून सकाळची गाडी पकडून गेलो. दिवे मंद झाले, त्या बोटभर गावात रात्र पडली, खिडक्या उजळल्या आणि वळणावरून गाडी आली. आम्ही दोघे बाप झालेले पुरुष एकमेकांचा हात धरून उभे होतो. परतताना धाकट्याने तिकिटाच्या पाठीवर आमच्या फळीचा पहिला नकाशा काढला. दोघांनी मिळून ठरवले, आपण मुंब्रा करायचे.

मुंब्राच का? धाकटा तिथेच राहतो म्हणून. 1992-93 च्या दंगलींनंतर मुंबईतून उठलेली कितीतरी घरे मुंब्र्यात येऊन वसली, त्यांच्या आगेमागेच त्यानेही तिथे खोली घेतली. शिवाय नमुना करणाऱ्याला हवे ते सगळे तिथे आहे. पारसिकचा डोंगर, त्याच्या पोटातला सव्वा किलोमीटरहून लांब असा 1916 सालचा बोगदा, एका अंगाला खाडी, डोंगरावर मुंब्रादेवी, खाली मशिदीचे मिनार, आणि या सगळ्यांतून वळत जाणारे रूळ.

आमच्या भागात अशा गाड्यांचे स्वतंत्र प्रदर्शन आम्ही कधी पाहिले नाही. कल्याण, डोंबिवली, ठाणे इथे शाळेच्या हॉलमध्ये छंदांचे प्रदर्शन लागते. नाणी, काड्यापेट्यांची वेष्टने आणि टपाल तिकिटे यांच्या ओळीत दोन टेबले आम्हाला मिळतात. फळी दोन तुकड्यांत असते. टेम्पोतून उतरवून बोल्ट आवळायचे आणि मधल्या सांध्यावर इंजिन घसरले की "सिग्नल मिळाला नाही" असे मुलांना सांगून हळूच बोटाने उचलून ठेवायचे. मुले नाक टेकवून पाहतात. मोठी माणसे किंमत विचारतात. जुने रेल्वेवाले आले की बाकी सगळे विसरून आम्ही त्यांच्याशीच बोलत बसतो. 2015 पर्यंत मध्य रेल्वेच्या लोकल 1500 व्होल्टच्या डीसी विजेवर धावत असत, आमची अजून 12 व्होल्ट डीसीवर धावते, यावर एका निवृत्त मोटरमनने आम्हाला चहा पाजला होता.

आता थोडे खोटेपणाविषयी. आमचे प्रमाण एकास सत्त्याऐंशी. जगभर सर्वाधिक चालणारे हे प्रमाण, आणि त्याचे रूळ साडेसोळा मिलीमीटर रुंदीचे मिळतात. हे माप युरोप-अमेरिकेतल्या रुळांवरून आले आहे. आपला रूळमार्ग 1676 मिलीमीटर रुंद, म्हणजे या प्रमाणात तो सव्वाएकोणीस मिलीमीटर भरायला हवा. तेव्हा आपली लोकल त्या तयार रुळांवर ठेवली की ती पावणेतीन मिलीमीटरचे खोटे बोलते. वळण तर शुद्ध थाप. आमच्या वळणाची त्रिज्या 45 सेंटीमीटर, खऱ्या मापात जेमतेम 39 मीटर. एवढ्या वळणावरून खरी लोकल न्यायची म्हटली तर ती उलटेल. पूर्ण बारा डब्यांची गाडी केली तर पावणेतीन मीटरहून लांब होईल, म्हणून आमची तीन डब्यांची. हे खोटे सगळे नमुनेवाले बोलतात आणि एकमेकांना माफ करतात. फळी लहान आहे, काहीतरी गाळावेच लागते. काय गाळले आणि का, एवढाच प्रश्न उरतो.

आम्ही माणसे गाळली होती.

त्याचे कारण आमच्याकडे चोख होते. फळीचे काम सुरू झाले तेव्हाच एका बुजुर्ग मौलाना साहेबांना विचारले होते. ते म्हणाले, गाड्या करा, झाडे करा, इमारती करा, जानदारांच्या मूर्ती नकोत. चित्रे काढून पोट भरणाऱ्या एका माणसाला हजरत इब्न अब्बास यांनी झाडांची आणि निर्जीव वस्तूंची चित्रे काढायची वाट दाखवली होती, हा दाखला त्यांनी दिला. आम्ही मान डोलावली. लहानग्या हजरत आयेशांच्या बाहुल्या आणि त्यांतला पंखांचा घोडा पाहून पैगंबर साहेब हसले होते, हेही आम्हाला ठाऊक होते. पण तो दाखला आम्ही पुढे केला नाही. सोयीचा होता तो घेतला, गैरसोयीचा खिशात ठेवला.

कारण खरे सांगायचे तर माणसे आम्हालाच नको होती. या प्रमाणात माणूस जेमतेम दोन सेंटीमीटरचा. त्याला रंगवायला डोळे फुटतात. परदेशी पाकिटांत मिळतात त्या बाहुल्या ओव्हरकोट आणि हॅट घातलेल्या, हातात बर्फावर घसरायच्या पट्ट्या. डबेवाला, बुरख्यातली खाला, खांद्याला पिशवी लावलेला जरीकाम करणारा पोरगा असे काही त्या पाकिटांत नसते. ते स्वतः घडवायचे म्हणजे महिने गेले असते. आणि सर्वांत मोठी गोष्ट, माणसांवाचून मुंब्रा सुंदर दिसत होते. स्वच्छ फलाट, निळी खाडी, वेळेवर येणारी लोकल. असे मुंब्रा आम्ही जन्मात पाहिले नव्हते. आळस आणि हौस या दोघांना मिळून आम्ही परहेज हे नाव दिले होते.

2025 च्या सुरुवातीला ठाण्यातल्या एका प्रदर्शनात एक सात-आठ वर्षांची मुलगी म्हणाली, "इथे माणसं नाहीत का?" तिची आई म्हणाली, "रविवार असेल." सगळे हसले, आम्हीही. मागे ऑफिसची बॅग लावलेला एक माणूस उभा होता. तो हसला नाही. "मुंब्र्याचा फलाट रिकामा? मग हे मुंब्रा नाहीच," असे म्हणून तो नाण्यांच्या टेबलाकडे निघून गेला. आम्ही त्याला मनात अडाणी ठरवले.

9 जून 2025, सोमवार. सकाळी नऊ वाजून गेल्यावर मुंब्र्याजवळच्या वळणावर दोन लोकल विरुद्ध दिशांनी एकमेकींजवळून गेल्या आणि दारांत लोंबकळणारे प्रवासी रुळांवर पडले. काहींचा जीव गेला. धाकटा त्याच वेळेस निघतो. त्या दिवशी तो आधीच्या गाडीने गेला होता, पण त्याचा फोन लागेपर्यंतचा पाऊण तास आमच्या घराने कसा काढला ते लिहिण्यासारखे नाही.

त्या रात्री आम्ही फळीवरचे कापड काढले. गाडी चालवायला नाही. वळण पाहायला.

नमुना करणाऱ्या कुणालाही विचारा, वळणावर दोन मार्ग सरळ भागापेक्षा दूर ठेवावे लागतात. डबा ताठ असतो, तो रुळाबरोबर वाकत नाही. आतल्या बाजूला त्याचे पोट येते, बाहेरच्या बाजूला त्याची टोके जातात. अंतर कमी पडले तर समोरून येणाऱ्या गाडीला ती घासतात. फळी केली तेव्हा आम्ही पुठ्ठ्याचा डबा कापून, त्याला पेन्सिल बांधून, वळणभर फिरवून हे अंतर काढले होते. दोन मिलीमीटर मोकळे ठेवले. त्याचा अभिमान होता, प्रदर्शनात सांगायचो. खऱ्या वळणावर गाड्या एकमेकींना लागल्या असे नव्हे. दारांत लटकलेल्या माणसांना परस्परांचा धक्का लागला असे सांगितले गेले. म्हणजे डब्याचे माप ठीक होते, माणसाचे माप कुणी धरले नव्हते. आम्हीही नाही. धाकटा रोज त्याच दारात एक पाय आत, एक बाहेर ठेवून जातो. त्याच हाताने त्याने पेन्सिल फिरवली, आणि डब्याबाहेर वीतभर येणारा माणूस, जो त्या प्रमाणात अडीच मिलीमीटर तरी भरेल, त्याने हिशेबात धरला नाही. आमचे दोन मिलीमीटर तिथेच संपतात.

नमुन्याने अपघात झाला नाही, आम्ही काही कुणाला ढकलले नाही, हे कळते. एक दोस्त म्हणालाही, "छंद आहे यार, छंदात कुठे पाप-पुण्य आणता?" त्याचे म्हणणे सोडून देण्यासारखे नाही. माणसाला दिवसाकाठी एक जागा अशी हवी जिथे गाडी वेळेवर येते. रोज दोन तास कुणाच्या कोपरात तोंड खुपसून जाणाऱ्याने रात्री रिकामा फलाट पाहिला तर त्यात कुणाचे काय गेले? आम्ही स्वतः त्यावरच इतकी वर्षे जगलो. पण ती गोष्ट घरातल्या फळीची. प्रदर्शनात मांडून, पुढे 'मुंब्रा' अशी पाटी लावून, पाहणाऱ्याला 'हुबेहूब आहे' असे सांगितले की ती साक्ष होते. मग त्या माणसाला, जो बॅग घेऊन निघून गेला, हे माझे गाव नव्हे असे म्हणायचा हक्क पोचतो. ज्या ठिकाणी माणसे हाच सगळा मामला आहे तिथून माणसे काढली आणि उरलेल्याला सुंदर म्हटले, हे पावणेतीन मिलीमीटरच्या जातीचे खोटे नाही.

आणि परहेजाचे काय? अमल नीयतीवर ठरतो, हे आपण मकतबात शिकतो. ज्याला मनापासून जानदारांची प्रतिमा नको वाटते त्याच्या फलाटावर आक्षेप घ्यायची आमची लायकी नाही. त्याचा रिकामा फलाट वेगळा. आमचा वेगळा होता. मौलाना साहेबांनी आम्हाला एक हद्द सांगितली, आम्ही तिच्याआड जाऊन झोपलो. भले त्यांचेच म्हणणे पाळायचे असते, तरी मूर्ती न करता माणसांची खूण ठेवता आली असती. फलाटावर पिशव्या ठेवता आल्या असत्या, पुलाच्या पायऱ्या मधोमध झिजलेल्या करता आल्या असत्या, दाराच्या मधल्या दांडीचा रंग हात लागून लागून उडतो तसा खरवडता आला असता. हे काहीच आम्हाला सुचले नाही, कारण सुचायला नको होते.

पुढच्या प्रदर्शनासाठी काम पुन्हा काढले आहे. पायऱ्या कानशीने झिजवल्या. दांड्या खरवडल्या. धाकट्याने मेणाची एक आकृती केली, दाराबाहेर झुकलेली, चेहरा नसलेली. ती चालेल की नाही यावर आमचे दोन आठवडे भांडण चालू आहे आणि मौलाना साहेब आता हयात नाहीत. पुतणीने, ती इंजिनियरिंगला आहे, यावर तोड काढली. त्या अपघातानंतर रेल्वेने नव्या लोकलना आपोआप बंद होणारे दरवाजे बसवायचे जाहीर केले. "मग तुम्हीही बंद दारांचीच गाडी करा ना चाचा," ती म्हणाली. "माणूस बाहेर नाही, मूर्ती नाही, भांडण नाही." तिने पातळ पुठ्ठ्याचे बारा दरवाजे मापाने कापूनही दिले, फार सुबक.

ते एका काड्यापेटीत ठेवले आहेत. धाकटा अजून सकाळी उघड्या दाराच्या गाडीने जातो. दरवाजे अजून चिकटवलेले नाहीत.