कोंबडी, अंडे आणि मधली ऊब

कोंबडी आधी की अंडे आधी, हा प्रश्न आज लहान मुलांना कोड्यात पाडण्यासाठी विचारला जात असला, तरी थोर विचारवंतांनी त्याचा एके काळी गंभीरपणे विचार केलेला आहे. ग्रीक लेखक प्लुटार्क याने आपल्या भोजनप्रसंगीच्या संवादांत तो मांडला आणि जगाला आरंभ आहे की नाही, या फार मोठ्या वादाशी त्याचे नाते जोडले. जैन आगमांतील पाचवे अंग मानल्या जाणाऱ्या भगवतीसूत्रात रोह नावाचा अनगार, म्हणजे घरदार सोडलेला साधू, महावीरांना हाच प्रश्न विचारतो. तेव्हा अंडे कशापासून आले आणि कोंबडी कशापासून आली, असे महावीर त्यालाच उलट विचारतात आणि त्याच्याच उत्तरांतून दाखवून देतात, की या दोहोंमध्ये पहिले-दुसरे असा क्रम लावता येत नाही.

हा विचार मोलाचा आहेच, पण प्रश्नाच्या मांडणीतून एक गोष्ट निसटलेली आहे. अंड्याची कोंबडी आपोआप होत नाही. फलित अंडे कोंबडीच्या पोटातून बाहेर पडले की थंड होते आणि आतल्या गर्भाची वाढ जिथल्या तिथे थांबते. तो मेलेला नसतो आणि वाढतही नसतो, काही दिवस केवळ थांबून राहतो. गावठी कोंबडी बारा-पंधरा दिवसांत घातलेली अंडी एका जागी साठवते आणि मग त्यांवर बसते, तेव्हा पहिल्या दिवशीच्या आणि शेवटच्या दिवशीच्या अंड्यातील वाढ एकाच वेळी सुरू होते, आणि म्हणूनच सगळी पिल्ले साधारण २१ दिवसांनी, एक-दोन दिवसांच्या अंतराने बाहेर येतात. कोंबडी आणि अंडे यांच्या दरम्यान असलेली ही ऊब कारण आहे, निमित्त आहे की कर्म आहे, आणि ती केवळ तापमान आहे की आणखी काही, हा प्रश्न आधी कोण या प्रश्नापेक्षा अधिक निकडीचा आहे, कारण त्याच्या उत्तरावर माणसाचे प्रत्यक्ष वागणे अवलंबून आहे.

अंड्यांवर बसण्याची ओढ लागलेल्या कोंबडीला मराठीत खुडूक कोंबडी म्हणतात. खुडूक झालेली कोंबडी अंडी घालणे थांबवते, तिचा तुरा फिकट पडतो, पोटाखालची पिसे विरळ होऊन रक्तवाहिन्यांनी भरलेली उघडी त्वचा अंड्यांना टेकते. टोपलीत पेंढा घालून तिला अंडी दिली, की ती पंख थोडे फुलवून इतकी पसरून बसते की एकही अंडे दिसू नये. कोणी हात घातला तर घशातल्या घशात गुरगुरते आणि चोच मारते. दिवसातून एकदा ती थोडा वेळ उठते, घाईघाईने दाणे टिपते, पाणी पिते, दिवसभराची साठलेली मोठी विष्ठा टाकते आणि अंडी गार होण्याआधी परत येते. दिवसातून अनेकदा ती चोचीने अंडी उलटते आणि कडेची मध्ये, मधली कडेला सारते, म्हणजे गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटत नाही आणि सर्वांना सारखी ऊब मिळते. या काळात तिचे वजन घटते. सातव्या-आठव्या दिवशी तिच्याखालचे अंडे अंधारात बॅटरीच्या उजेडासमोर धरले, तर मध्ये एक काळा ठिपका आणि त्यापासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या फुटलेल्या तांबड्या शिरा दिसतात.

या बसण्याला तप म्हणावे काय? तप या शब्दाचा मूळ अर्थ उष्णता हाच आहे, आणि ऐतरेयोपनिषदात सृष्टीच्या आरंभी आत्म्याने पुरुषाला अभितप्त केले, म्हणजे त्यावर आपली उष्णता एकाग्र केली, तेव्हा अंडे फुटावे तसे त्याचे मुख उकलले, अशी कल्पना आहे. तपश्चर्येने विश्व निर्माण होते, या भारतीय धारणेच्या मुळाशी उबवणाऱ्या पक्ष्याचे निरीक्षण असावे, असे या वर्णनावरून वाटल्यावाचून राहत नाही. यावर आक्षेप असा, की कोंबडी संकल्प सोडून बसत नाही. प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक, म्हणजे शरीरातील ग्रंथीतून रक्तात मिसळणारे द्रव्य, वाढले की ती बसते, आणि ज्यात निवड नाही त्याला तप म्हणणे हा शब्दाचा सैल वापर होय.

या आक्षेपाला एका पालि सुत्तात फार सूक्ष्म उत्तर सापडते. मज्झिमनिकायातील चेतोखिल सुत्तात बुद्ध आठ, दहा किंवा बारा अंडी असलेल्या कोंबडीचा दृष्टान्त देतात आणि सांगतात की तिने अंड्यांवर नीट बसून त्यांना नीट ऊब दिली असेल, तर पिल्ले सुखरूप बाहेर यावीत अशी इच्छा तिच्या मनात आली नाही, तरी ती कवच फोडून बाहेर येतातच. संयुत्तनिकायात याचीच दुसरी बाजू येते, ती अशी की नीट न बसलेल्या कोंबडीने कितीही इच्छा केली तरी पिल्ले बाहेर येत नाहीत. म्हणजे आक्षेपकाला जी उणीव वाटते, त्या इच्छेच्या अभावालाच येथे दृष्टान्ताचे बळ केलेले आहे. उबवण्यासाठी सुत्तात आलेला परिभावित हा शब्द तर विशेष लक्ष देण्याजोगा आहे; तो ज्या धातूपासून आला त्याच धातूपासून भावना हा शब्द बनतो, आणि पालि भाषेत भावना म्हणजे मनातला उमाळा नव्हे, तर ध्यानाचा रोजचा अभ्यास. ध्यानाला बसणे आणि अंड्यांवर बसणे यांना भाषेनेच एका कुळात बसवलेले आहे.

याच परंपरेत बुद्धांनी स्वतःची जागा कोठे ठेवली, हेही पाहण्यासारखे आहे. वेरंजा येथील एका ब्राह्मणाशी बोलताना ते स्वतःला कोंबडी म्हणवत नाहीत. अविद्येचे कवच सर्वांत आधी फोडून बाहेर आलेले थोरले पिल्लू म्हणवतात. शाक्त परंपरेतील कुलार्णव तंत्रात मात्र गुरू हाच पक्षी आहे. तेथे दीक्षेचे तीन प्रकार सांगितले आहेत. पक्षीण पंखांच्या स्पर्शाने पिल्ले वाढवते तशी स्पर्शदीक्षा, मासोळी केवळ पाहून वाढवते तशी दृग्दीक्षा आणि कासवी केवळ ध्यानाने वाढवते तशी वेधदीक्षा. कासवीच्या प्रेमळ नजरेची कल्पना मराठी संतांच्या वाङ्मयातून घरोघरी पोचली, पण या तीन मातांपैकी प्रत्यक्ष अंगाची ऊब देणारी माता एकच आहे आणि ती पक्षीण आहे. गुरू आई की थोरला भाऊ, हा वाद येथे सोडवण्याची गरज नाही. दोन्ही परंपरांना मान्य असलेली गोष्ट अशी, की ऊब बाहेरून मिळाली तरी कवच आतूनच फुटावे लागते.

महाभारताच्या आदिपर्वात हे विनतेच्या कथेतून आले आहे. विनतेची सवत कद्रू हिची हजार अंडी पाचशे वर्षांनी फुटून नाग बाहेर आले, विनतेची दोन अंडी मात्र तशीच राहिली. लाजेने आणि अधीरतेने तिने त्यांतले एक फोडले, तेव्हा आतून अरुण निघाला, पण त्याचे कमरेखालचे शरीर अपुरे राहिले होते. त्याने आईला दासीपणाचा शाप दिला आणि दुसऱ्या अंड्यासाठी आणखी पाचशे वर्षे धीर धरण्यास सांगितले; त्या अंड्यातून गरुड आला. ही कथा रचणाऱ्याने पक्ष्यांची अंडी जवळून पाहिली होती, याविषयी शंका वाटत नाही. पिल्लू विसाव्या दिवसाच्या सुमारास अंड्याच्या रुंद टोकाकडील हवेच्या पोकळीत चोच घालून पहिला श्वास घेते, मग चोचीवरील दातासारख्या टोकाने कवचाला एक लहान भोक पाडते आणि त्यानंतर कित्येक तास काहीच करत नाही. बघणाऱ्याला ते अडकले असे वाटते. प्रत्यक्षात याच वेळी कवचाच्या आतील शिरांमधले रक्त त्याच्या शरीरात ओढले जात असते आणि उरलेला बलक पोटात शिरत असतो. दया येऊन कोणी कवच सोलले, तर शिरा तुटून रक्त वाहते आणि पोटाशी बलक लोंबकळत राहिलेले पिल्लू बहुधा मरते. धीर धरला, तर ते आपणच गोल फिरत कवच कापते आणि ओलेचिंब बाहेर पडते. तोपर्यंत आतून त्याचा चिवचिवाट सुरू झालेला असतो आणि कोंबडी त्याला हलक्या आवाजात साद देत असते. चिनी छान आणि जपानी झेन परंपरेत शिष्याने आतून आणि गुरूने बाहेरून एकाच क्षणी चोच मारण्याच्या कल्पनेला जपानीत सोत्ताकु दोजी असे नाव आहे.

आता ऊब म्हणजे केवळ तापमान काय, या प्रश्नाकडे वळता येते. तापमान म्हणून पाहिले तर ती माणसाला फार पूर्वी साधली. ईजिप्तमध्ये अंडी उकिरड्याच्या उष्णतेत पुरून उबवत, असे अॅरिस्टॉटलने नोंदवले आहे, आणि आजची उबवण यंत्रे ३७.५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान राखून एका वेळी हजारो पिल्ले काढतात. हिशेब उघड आहे. खुडूक कोंबडी २१ दिवस अंड्यांवर आणि पुढचे दीड-दोन महिने पिल्लांमागे घालवते आणि तेवढा काळ अंडी देत नाही. व्हाइट लेगहॉर्नसारख्या जातींमधून निवड करत करत खुडूकपण जवळजवळ काढून टाकले गेले, आणि त्या वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देतात. गरिबाच्या ताटात अंडे स्वस्तात पडले ते यामुळेच, आणि ही गोष्ट कमी लेखणे अन्यायाचे ठरेल. परंतु याच हिशेबात अंडी न देणारे नर पिल्लू पहिल्याच दिवशी निरुपयोगी ठरते. जर्मनीने १ जानेवारी २०२२ पासून अशी पिल्ले मारण्यावर कायद्याने बंदी घातली, ती हा हिशेब असह्य झाल्यामुळेच.

खुडूकपणच उरले नाही तर कोंबडीला त्याचे दुःखही नाही, मग अन्याय कोणावर झाला, असे विचारले जाते. हा युक्तिवाद सोपा आहे, पण अपुरा आहे. एखाद्या जिवाचा स्वभावच काढून घेतला आणि त्याला त्याची जाणीव राहिली नाही, तर हानी झाली नाही असे म्हणणे म्हणजे हानीची मोजणी पीडिताच्या तक्रारीवर सोडणे होय. आणि पिल्लाच्या बाजूने पाहिले तर हानी दिसतेच, कारण यंत्रातले पिल्लू अंड्याच्या आतून चिवचिवते तेव्हा त्याला उत्तर येत नाही. ऊब आणि मायेची ऊब यांसाठी मराठीने एकच शब्द वापरला, तो या सादेसकट वापरला. ज्याच्या दारात पाच-सहा गावठी कोंबड्या आहेत, त्याने खुडूक मोडण्यासाठी कोंबडीला पाण्यात बुडवण्याऐवजी वर्षातून एकदा तरी तिला अंड्यांवर बसू द्यावे. थोडी अंडी कमी मिळतील, एखादे पिल्लू घारीच्या किंवा मुंगसाच्या तोंडी जाईल, पण जे तिचे आहे ते तिला करू दिले जाईल.

कोंबडीखाली बदकाची अंडी ठेवण्याची रीतही जुनी आहे. इ. स. पू. ४५ मध्ये देवांच्या स्वरूपाविषयी लिहिलेल्या ग्रंथात सिसेरोने, स्टोइक मताच्या बाल्बसच्या तोंडून, हे उदाहरण दिले आहे. तिने उबवलेली बदकाची पिल्ले पाणी दिसताच तिला सोडून पोहू लागतात. ऊब कोणाचीही असो, जो तो आपल्या स्वभावाकडे जातो, असा त्याचा रोख आहे. येशू ख्रिस्ताने यरुशलेमेसाठी केलेल्या विलापात, जो मत्तय आणि लूक या दोघांच्या शुभवर्तमानांत आला आहे, याच प्रकारची वेदना आहे. पिल्ले पंखांखाली घेऊ पाहणाऱ्या कोंबडीची उपमा तो स्वतःला देतो, पण ज्यांना जवळ घ्यायचे ते येत नाहीत. जैतुनाच्या डोंगरावरील दोमिनुस फ्लेवित या चर्चच्या वेदीवर पंख पसरलेल्या कोंबडीचे मोझेइक आहे.

कोंबडीच्या बाबतीत मात्र दूर होण्याची सुरुवात बहुधा तीच करते. दीड-दोन महिने जिने प्रत्येक दाणा आधी चोचीत उचलून, खाली टाकून, आवाज देऊन पिल्लांना दाखवला, ती एके दिवशी दाण्याजवळ आलेल्या पिल्लाला टोचून हाकलते. संध्याकाळी ती खुराड्यातल्या वरच्या काठीवर जाऊन बसते; पिल्ले काही वेळ खाली चिवचिवतात आणि मग खालच्या काठीवर एकमेकांना चिकटून ओळीने बसतात. तिचा तुरा पुन्हा लाल होऊ लागतो. थोड्याच दिवसांत टोपलीतल्या पेंढ्यात एक अंडे दिसते, हाताला गार लागणारे आणि आत थांबून राहिलेले.