खसरा भोपाळचा, भाव नागपूरचा

सौंसरला आमची संत्र्याची बाग. 1956 साली नागपूर मुंबई राज्यात गेलं, आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. 2023 मध्ये छिंदवाड्यातून फुटून आमचा पांढुर्णा जिल्हा झाला. ब्रिटननं युरोपीय संघ सोडला तेव्हाही मनात हेच आलं: वेगळं होणं म्हणजे नातं तोडणं का?

उत्तर आमच्याकडे दरवर्षी दिसतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात. दोन काठांवरचे पांढुर्णा अन् सावरगाव एकमेकांवर गोटे फेकतात, डोकी फुटतात. मग तेच झाड चंडीमातेच्या देवळात जातं. देवी कोणत्या काठची, हे कोणी विचारत नाही.

माझा खसरा, म्हणजे जमिनीचा कागद, भोपाळचा; संत्र्याचा भाव मात्र नागपूरच्या कळमना बाजाराचा. सीमा खोटी नाही. पण ती कागदापुरतीच खरी. वेगळे खुशाल व्हा, बाजाराची वाट तेवढी मोडू नका.