उपकारस्तुती ओठांवर येत नाही

शंका : यजमानांना सात महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली, बोलणं बोबडं झालं. त्यांचं अंग पुसणं, भांडं देणं, हातपाय चोळणं, वर माझं शिवणकाम. मंडळीतल्या भगिनी प्रार्थनेला येतात आणि म्हणतात, ‘प्रभू तुम्हाला मुशीत घालून शुद्ध करतोय, त्याबद्दल उपकार माना.’ माझं पाप कोणतं तेच मला कळत नाही. परवा यजमानांनी माझं नाव स्पष्ट घेतलं तेव्हा तेवढी रडले. माझा विश्वास कमी पडतोय का? – एक भगिनी, नगर जिल्हा

समाधान : ताई, आधी त्या मुशीचं बघू. आमच्या शेजारी एक सोनारकाका होते. चांदी आटवताना मुशीत सवागी टाकायचे, मळ वर यायचा, आणि तेवढा वेळ कोणी हाक मारली तरी मान वर करत नसत. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायातला परमेश्वरही चांदी गाळायला असाच बसलेला आहे. (चांदीत सोनाराला स्वतःचा चेहरा दिसला की ती शुद्ध झाली, ही उपदेशातली लाडकी गोष्ट. गोड आहे, पण मलाखीत नाही.) आणि ती आग आधी कोणासाठी? लेवीच्या वंशजांसाठी, म्हणजे याजकांसाठी. त्याच पुस्तकात आंधळी-लंगडी जनावरं वेदीवर चढवून वेळ मारून नेल्याबद्दल याजकांची कानउघाडणी आहे. पुढे मजुराची मजुरी बुडवणारे आणि विधवा-अनाथांना नाडणारेही सुटलेले नाहीत. नवऱ्याची सेवा करून थकलेली बाई त्या यादीत मला तरी सापडली नाही.

पापाचं म्हणाल, तर ईयोबाचे मित्र सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ गप्प बसले, तोवर सगळं ठीक होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. शेवटी देव रागावला तो त्यांच्यावर. योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांध माणूस दिसताच शिष्य विचारतात, पाप कोणाचं, याचं की आईबापांचं? येशू दोन्ही नाकारतो.

दुःखातून माणूस स्वच्छ होतच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. पंडिता रमाबाईंनी तरुणपणी दुष्काळात आईवडील आणि बहीण गमावली, 1882 मध्ये पती गेले. 1896-97च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुलींना घेऊन आल्या; त्यातून केडगावचं मुक्ती उभं राहिलं. भूक म्हणजे काय हे त्यांना कोणी शिकवावं लागलं नव्हतं. त्या दुःखाने आपल्याला काय दिलं, हे त्यांनी मागे वळून सांगावं. तो हक्क त्यांचा. आईबापांच्या प्रेताशी बसलेल्या त्या मुलीला ‘तुझी शुद्धी चालली आहे’ असं दुसऱ्या कोणी सांगणं याला मी क्रूरपणाच म्हणेन.

आता उपकाराचं. पौल थेस्सलनीकाकरांना उपकार मानायला सांगतो ते प्रत्येक परिस्थितीत, परिस्थितीबद्दल नव्हे. एका प्रत्ययाचा फरक, पण तुमच्या घरात तो फार मोठा आहे. झटक्याबद्दल आभार मानायचे नाहीत. पौलाने स्वतःच्या देहातला काटा निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनवलं होतं, तेव्हा हे दुखणं जावं असं मागण्यात अविश्वास कसला? आणि यजमानांनी नाव घेतलं तेव्हा तुम्ही रडलात, ती उपकारस्तुतीच झाली, ताई. तिला शब्द नव्हते, एवढंच.

भगिनींना येऊ द्या, त्यांचं मन चांगलं आहे. फक्त पुढच्या वेळी सांगा, ‘दोघी प्रार्थना करा, एकीने यांच्याजवळ बसा, मी तासभर झोपते.’

शंका : देवावर राग असताना प्रभुभोजन घ्यावं का? – तीच भगिनी

समाधान : घ्यावं. करिंथकरांना पौलाने आत्मपरीक्षा करायला सांगितली, कारण तिथे काहीजण आधीच जेवून घेत आणि गरीब उपाशी राहत. देवावर रुसलेल्यांना त्याने पंगतीतून उठवलेलं नाही. यजमानांना चर्चपर्यंत नेणं होत नसेल, तर पाळकसाहेबांना घरी बोलवा. भाकरीचा तुकडा लहान करायला सांगा, त्यांना गिळायला जड जात असेल.