विकणाऱ्याचे मौन

घर विकत घ्यायचे असेल तर ते दिवाळीत पाहू नये. दिवाळीत प्रत्येक घर बोहल्यावर चढायला निघाल्यासारखे नटलेले असते. भिंतींना नुकताच रंगाचा हात दिलेला, दारावर झेंडूचे तोरण, अंगणात रांगोळी आणि आतून चिवड्याच्या फोडणीचा वास. अशा वेळी गिलाव्याखालची ओल कुणाला दिसणार? घर पाहावे ते ऑगस्ट महिन्यात, पाऊस उभा कोसळत असताना, आणि तेही कोपऱ्याकोपऱ्यात नाक खुपसून. एवढे सांगून माझे काम संपले असते; पण मी स्वतः घर विकले ते एप्रिलच्या कोरड्या उन्हात, आणि भिंती रंगवून. त्या भिंती मीच रंगवल्या होत्या.

मी चित्रकलेचा मास्तर. शिक्षण मॅट्रिकचे, हल्ली त्याला दहावी म्हणतात, आणि वर चित्रकलेची पदविका. फावल्या वेळात कादंबऱ्या लिहितो. सांगलीच्या गावभागात आमचे वडिलार्जित घर होते. वडिलांना एक सवय होती. कृष्णेचे पाणी घरात आले की ते ओसरल्यावर ओसरीच्या भिंतीवर पेन्सिलीने रेघ ओढायची आणि शेजारी तारीख लिहायची. २००५ साली पाणी उंबऱ्याशी येऊन परतले, म्हणून ती रेघ उंबऱ्याच्या लाकडावर होती. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाशी पाणी ५७ फुटांवर गेले. तिथे धोक्याची पातळी आहे ४५ फूट. त्या वर्षीची रेघ माझ्या छातीला लागत असे. २०२१ ची त्याहून बरीच खाली, गुडघ्याच्या जरा अलीकडे. ती ओढताना वडिलांचा हात थरथरला होता. रेघ वाकडी आली होती. पुढच्याच वर्षी ते गेले. आई आधीच गेली होती.

दादाचे इचलकरंजीत चार माग आहेत आणि मागांचे दिवस बरे नाहीत. त्याच्या मुलीच्या शिक्षणाची फी भरायची होती. मी तासगाव तालुक्यात नोकरीला. घर बंद पडलेले. विकायचे ठरले. दलाल म्हणाला, "मास्तर, आधी रंग काढून घ्या. पाण्याचे डाग बघितले की गिऱ्हाईक दारातूनच परत फिरतंय." मी सुटीचे चार दिवस काढले, पोपडे खरवडले, लांबी भरली, आणि फिक्या बदामी रंगाचे दोन हात दिले. रंगाची निवड चांगली होती, हे आजही म्हणेन. वडिलांच्या रेघांवरून ब्रश फिरवण्याआधी त्यांचा एक फोटो काढून ठेवला. का ठेवला, ते तेव्हा मला सांगता आले नसते.

घर पाहायला आली ती लातूरकडची एक निवृत्त परिचारिका. पती वारलेले, मुलगा वर्षभरापूर्वी कुपवाडच्या कारखान्यात लागलेला. आम्ही तिला सिस्टर म्हणू लागलो. ओसरीवर बसताच तिने विचारले, "नदी किती लांब?" दलाल उत्साहाने म्हणाला, "हाकेच्या अंतरावर!" ती हसली. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी गेले होते, ते तिने प्यायलेले होते. "तुमच्या कृष्णेचंच की ते. आम्ही घागर घेऊन रांगेत उभं राहिलो. म्हटलं, आता राहायचं तर पाण्यापाशी." मग तिने तो प्रश्न विचारला, जो कुणीही विचारला असता. "महापुरात इथवर आलं होतं का?"

दलाल म्हणाला, "रस्त्यापर्यंत आलं होतं. त्या साली सगळ्या सांगलीतच आलं होतं हो." दादा आढ्याकडे पाहू लागला. मी भिंतीकडे. तिथे काहीच दिसत नव्हते. काम स्वच्छ झाले होते. तिने एक्कावन्न हजारांचा इसार दिला.

आम्ही खोटे बोललो का? दादाचे म्हणणे, नाही. दलाल बोलला, आम्ही गप्प होतो. त्या रात्री झोप न आल्यामुळे मी आमच्या शाळेतल्या एका वकिली केलेल्या सहकाऱ्याकडून आणलेले कायद्याचे पुस्तक उघडले. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ सालचा, त्याचे ५५ वे कलम. विकणाऱ्याला ठाऊक असलेला, घेणाऱ्याला ठाऊक नसलेला आणि साधारण काळजी घेऊनही त्याला सापडणार नाही असा मोठा दोष विकणाऱ्याने सांगितलाच पाहिजे, असा त्याचा अर्थ; न सांगणे ही लबाडी मानली आहे. दादाला फोनवर वाचून दाखवले. दादा बुद्धिमान आहे. तो म्हणाला, "साधारण काळजी घेऊन सापडणार नाही असा, हो ना? मग समोरच्या गिरणीवाल्याला विचारू दे की तिनं. सगळी गल्ली सांगेल. आपण कुणाचं तोंड धरलंय?" कायद्याच्या त्या एका शब्दसमूहातून हत्ती जाईल एवढी वाट आहे, आणि दादा तिच्यातून निघून गेला.

मग मी मागचा कायदा पाहिला, १८७२ चा कराराचा. त्यात नुसते गप्प राहणे ही फसवणूक नव्हे, असे म्हटले आहे, आणि उदाहरणासाठी एक घोडा घेतला आहे. घोडा खोडीचा आहे हे मालकाला ठाऊक. लिलावात तो काही न बोलता विकतो. ही फसवणूक नाही. पण घेणारी त्याची नुकतीच वयात आलेली मुलगी असेल, तर नात्यामुळेच सांगणे त्याचे कर्तव्य ठरते. आणि घेणारा म्हणाला की 'तुम्ही नाही म्हटले नाहीत तर घोडा चांगला आहे असे मी धरीन', तर मालकाचे गप्प राहणे बोलण्यासारखेच आहे. मला हा घोडा फार आवडला. मुलीला आपण सांगू, हे त्या रूक्ष कायद्यालाही माहीत आहे. परक्याच्या मुलीला का सांगू नये, एवढेच त्याने लिहिलेले नाही. आणि सिस्टरने तर विचारले होते.

हा वाद काही आमच्या गावभागात जन्मलेला नाही. रोमन पंडित सिसेरो याने इ. स. पूर्व ४४ मध्ये आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात नेमके असेच घर आहे. घर रोगट आहे, झोपण्याच्या खोल्यांत साप निघतात, लाकूड कुजले आहे, आणि हे एकट्या मालकाला ठाऊक आहे. तो दोन तत्त्वज्ञांना भांडायला लावतो. डायोजिनीस म्हणतो, विकणाऱ्याने जबरदस्ती तर केली नाही ना? मग प्रत्येक दोषाची दवंडी पिटत कोण हिंडतो? अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवणे हे पाप असेल, तर हे त्याहून वाईट. इथे तुम्ही त्याला जाणूनबुजून चुकू देता. सिसेरो अँटिपेटरच्या बाजूने कौल देतो. पण त्याच ग्रंथात स्केव्होला नावाचा एक गृहस्थ येतो. तो जमीन विकत घेतो, विकणाऱ्याने किंमत सांगितल्यावर म्हणतो, माझ्या मते ती जास्त मोलाची आहे, आणि वर एक लाख नाणी देतो. हे सज्जनाचे काम खरे, पण शहाण्याचे नव्हे, असे तेव्हाही लोक म्हणत! दोन हजार वर्षांत तेवढे मत बदललेले दिसत नाही.

कादंबरीकार म्हणून मला मौनाची सवय आहे. दोनशे पाने मी वाचकापासून खुनी लपवून ठेवू शकतो. पण शेवटच्या पानावर वाचकाला त्याचे सगळे परत मिळते. घराच्या व्यवहारात ते शेवटचे पान पुढच्या ऑगस्टात येते, आणि ते एकट्या घेणाऱ्याने वाचायचे असते, पलंगावर पलंग रचून.

चार दिवसांनी मी दादाला न विचारता कुपवाडला गेलो. मुलाच्या भाड्याच्या खोलीत सिस्टर होत्या. फोटो पुढे ठेवला आणि कोणती रेघ कोणत्या सालची ते सांगितले. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मला वाटले, आता इसार परत मागतील. त्यांनी विचारले, "पाणी किती दिवस राहिलं होतं?" मी म्हटले, "पहिल्या वेळी आठवडाभर धरा. नंतर चिखल." "आणि प्यायचं पाणी?" हा प्रश्न फक्त नर्सच विचारील. मग त्या म्हणाल्या, "सर, हे तुम्ही त्या दिवशी का नाही सांगितलं?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

त्यांनी घर घेतले. मात्र तीन लाख कमी देऊन. नदी हवी होती, आणि त्या किमतीत तेवढे घर दुसरीकडे मिळत नव्हते. खरेदीखताच्या दिवशी निबंधक कचेरीच्या पायऱ्यांवर दादा मला एवढेच म्हणाला, "खरं तू बोललास, त्यातला दीड लाख माझा होता."

हे वाक्य मला सिसेरोपेक्षा जड गेले. आपले सत्य आपल्या पैशाने बोलावे, हे खरे ना? दुसऱ्याच्या मुलीच्या फीमधून ते बोलण्याचा अधिकार मला कुणी दिला? खूप विचार करून मी एवढ्यावर आलो आहे की, सांगणे चूक नव्हते. माझी चूक आधीची होती. रंगाचा डबा विकत घेण्यापूर्वी दादाला समोर बसवून मी म्हणायला हवे होते, की कुणी विचारले तर मी सांगणार, तेवढी किंमत कमी धर. तेव्हा कुणाचा इसार अडकला नव्हता, फीची तारीख ठरली नव्हती. त्या वेळी मी भांडण टाळले, आणि चार दिवस रंग देत शीळ घातली. दादाचा दीड लाख मी हप्त्याने देतो आहे. तो घेतो, मोजतो, बोलत नाही.

घेणाऱ्यांसाठी आता चार व्यवहाराच्या गोष्टी. वकिलाकडून मागच्या तीस वर्षांच्या कागदांचा शोध घ्यायला लावा. मालमत्तापत्रकावर ज्यांची नावे आहेत त्या सगळ्यांच्या सह्या घ्या, बहिणींच्यासुद्धा. नदीकाठी असाल तर पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभरातून एकदा येणाऱ्याची. आमच्याकडे नदीने ही वर्षे नीट मोजलेली दिसत नाहीत. त्याला जबाबदार अलमट्टी की पाऊस, हा वाद तुम्ही सांगलीच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकू शकता. विजेचा मीटर किती उंचीवर बसवला आहे ते पाहा. तो खोटे बोलत नाही. नवा रंग फक्त खालच्या अर्ध्या भिंतीला असेल तर का ते विचारा. आणि प्रश्न दलालाला न विचारता मालकाकडे पाहून विचारा.

गेल्या वर्षी जूनमध्ये सिस्टरांचा फोन आला. "सर, तो फोटो आहे का अजून? रेघा नेमक्या कुठं होत्या? मला परत ओढून पाहिजेत. कपाट किती उंचीवर लावायचं ते कळेना झालंय." रविवारी टेप आणि पेन्सिल घेऊन निघालो. आधी इचलकरंजीला जाऊन दादाला म्हटले, चल बरोबर, टेपचे दुसरे टोक धरायला कुणीतरी हवे. तो मागावरून उठला नाही.