हात सोडताना सांगायचं का?

बाळापूरला सायकल शिकवणारा बाप मागून ओरडतो, "म्या धरली हाये, तू पायडल मार!" पोरगी वीस हात पुढं जाते, मागं पाहते, तर बाप केव्हाच हात सोडून उभा. सगळे हसतात. हे खोटं आपण इतक्या सहज माफ करतो की ते खोटं होतं हेच विसरतो.

आता तीच पोरगी जिम्नॅस्टिक्सच्या बीमवर आहे असं समजा. लांबी ५ मीटर, उंची १२५ सेंटिमीटर, रुंदी फक्त १० सेंटिमीटर. तुमचा मोबाइल त्यावर आडवा ठेवला तर दोन्हीकडून बाहेर येईल. इथंही "धरलंय" म्हणून हात सोडायचा?

सायकलवर भीतीनं अंग ताठतं. भीतीला चकवलं की पुढचं वेग सांभाळतो. बीमवर असं सांभाळणारं काही नाही. तिथं आधी जमिनीवर आखलेली रेघ, मग वीतभर उंचीचा बीम, मग उंच बीमखाली गाद्यांची थप्पी. त्यातली एकेक गादी कमी होत जाते, ती पोरीच्या डोळ्यांदेखत. तिला "अजून नको" म्हणता येतं. मला हेच मोठं वाटतं.

ते "नको" ऐकलं नाही तर? सोव्हिएत संघाची एलेना मुखिना एका उडीबद्दल प्रशिक्षकाला सांगत होती, यात माझी मान मोडेल. १९८० मध्ये, मॉस्को ऑलिंपिकच्या तोंडावर, सरावात तीच उडी मारताना मान मोडली आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. २०२१ साली टोकियोत सिमोन बाइल्सला हवेत गिरकी घेताना आपण कुठं आहोत तेच कळेना. ती थांबली. टीका झाली. आठवड्याभरानं ती बीमवर परतली, उतरताना गिरकी न घेता, आणि कांस्यपदक मिळवलं.

आपल्याकडं कसरतीचा मान जुना. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्यांच्या चमूनं तिथं भारतीय खेळ दाखवले. या मानासोबत 'भ्यायचं नाही' हेही आलंच. कुणी म्हणेल, पोरांचं ऐकत बसलं तर गादी कधीच निघणार नाही. खरं आहे, कधी रेटावं लागतं. पण रेटणं वेगळं, फसवणं वेगळं.

"आज हात काढतेय" असं सांगितलं की पोरगी डळमळते, कधी पडतेही. न सांगता काढला असता तर कदाचित टिकली असती. हा तोटा मला चालतो. उद्या तिला परत त्याच हाताच्या भरवशावर चढायचं आहे.