थडग्यातला पुरावा आणि जिवंतांचे नाव

पेल्ला ही प्राचीन मॅसिडोनियाची राजधानी. तिथल्या दफनभूमीत 1986 साली एका थडग्यात शिशाच्या पत्र्याची गुंडाळी सापडली. उलगडून पाहिली तर तीवर करणीचा मजकूर कोरलेला. डायोनिसोफोन नावाच्या पुरुषावर एका बाईचा जीव जडला आहे आणि तो थेटिमा नावाच्या दुसरीशी लग्न करणार म्हणून ती कासावीस झाली आहे. हे लग्न मोडावे, विधवा असो की कुमारिका, त्याने दुसऱ्या कोणाशीही संसार थाटू नये, म्हातारपणी त्याची सोबत आपल्यालाच लाभावी, असे साकडे ती मॅक्रोन नावाच्या मृताला आणि भुताखेतांना घालते. हा पत्रा मीच उकरून पुन्हा वाचेन तेव्हा त्याने खुशाल लग्न करावे, त्याआधी नाही, अशी अटही घालते. मला कोणी सखेसोबती नाहीत, माझी दया करा, असे विनवते.

या बाईचे दुःख तिच्यापुरते होते. तिची बोली मात्र, प्राचीन मॅसिडोनियन ग्रीक बोलत की नाही, या मोठ्या वादात साक्षीदार ठरली. पत्रा इसवी सनपूर्व चौथ्या शतकातला, म्हणजे साधारण अलेक्झांडरचा बाप दुसरा फिलिप याच्या काळातला. 1993 मध्ये मजकूर प्रसिद्ध झाला आणि लक्षात आले की ही अथेन्सची ग्रीक नव्हे. मॅसिडोनियाच्या दरबाराने लिखापढीसाठी अथेन्सची ग्रीक उचलली होती, त्यामुळे राजांच्या शिलालेखांवरून लोक घरात काय बोलत हे ठरवता येत नव्हते. इथे एक साधी बाई खाजगी, चोरून करायच्या कामासाठी लिहीत होती, आणि तिची भाषा डोरिक वळणाची, वायव्येकडच्या ग्रीक बोलींना जवळची निघाली.

एका पत्र्यावर किती भार टाकायचा हा प्रश्न रास्त आहे. ती बाई शेजारच्या एपिरसहून, म्हणजे त्याच बोलींच्या मुलखातून आलेली असू शकते, असा आक्षेप घेतला गेला. दुसरीकडे, उत्तरकालीन ग्रीक शब्दकोशकार हेसिकियस याने नोंदवलेले काही मॅसिडोनियन शब्द विचित्र वाटतात. इतर ग्रीक ‘फेरेनिके’ म्हणत तिथे मॅसिडोनियन ‘बेरेनिके’ म्हणत. हा उच्चारातला फरक ग्रीकच्याच एका बोलीचा, की ग्रीकला जवळच्या पण निराळ्या भाषेचा, यावर भाषाशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. रोमन इतिहासकार कर्टियस सांगतो की आपला सेनाधिकारी फिलोटास याच्यावरच्या खटल्यात अलेक्झांडरने त्याला विचारले, तू मॅसिडोनियनांशी त्यांच्या बोलीत बोलणार का? पण कर्टियस त्या घटनेनंतर काही शतकांनी, लॅटिनमध्ये लिहीत होता. शिवाय ‘त्यांची बोली’ असे आपण कोल्हापूरच्या किंवा मालवणच्या माणसाबद्दलही म्हणतो. उपलब्ध पुरावा तोलून पाहता प्राचीन मॅसिडोनियन ही ग्रीकचीच एक उत्तरेकडची बोली असावी, या मताकडे मी झुकतो. उद्या पेल्लाच्या मातीतून वेगळे काही निघाले तर हे मत बदलावे लागेल, आणि त्यात कोणाचे काही बिघडण्याचे कारण नाही.

आज मात्र बिघडते, आणि ते तेव्हाही बिघडत होते. मॅसिडोनियाचा आधीचा एक राजा, पहिला अलेक्झांडर, ऑलिंपिकच्या शर्यतीत उतरला तेव्हा इतर स्पर्धकांनी हरकत घेतली, ही स्पर्धा ग्रीकांची आहे म्हणून. आपले घराणे आर्गोसचे आहे असे त्याने दाखवून दिले आणि त्याला प्रवेश मिळाला, असे हेरोडोटस सांगतो. म्हणजे निवाडा झाला तो राजघराण्याच्या कुळाचा. शेतकरी, मेंढपाळ, भाला धरणारे शिपाई यांना कोणी काही विचारले नव्हते. पुढे अथेन्सच्या डेमॉस्थेनिसने इसवी सनपूर्व 341 मधल्या भाषणात फिलिपला ग्रीक तर नाहीच, पण धड बर्बरही नाही असे हिणवले. त्याच्या पाचच वर्षे आधी त्याच अथेन्सचा आयसोक्रेटिस फिलिपला हेराक्लिसचा वंशज म्हणून सर्व ग्रीकांचे नेतृत्व करण्याची गळ घालत होता. एका शहरातल्या दोन शहाण्या माणसांची ही दोन मते. एकाला फिलिपशी लढायचे होते, दुसऱ्याला त्याला पर्शियावर धाडायचे होते. डेमॉस्थेनिसचे ते वाक्य वांशिक पुरावा म्हणून आज पुढे करणारा माणूस निवडणुकीतल्या भाषणाला जनगणनेचा दर्जा देतो.

नावांचा पुरावा अधिक भक्कम वाटतो. उत्तर ग्रीसमधल्या व्हेर्गिनाच्या मोठ्या टेकाडाच्या भरावात फुटक्या समाधिशिळा सापडल्या. त्या राजेरजवाड्यांच्या नव्हेत, सामान्य माणसांच्या. क्सेनोक्रेटिस, पिएरियन, हेराक्लिडिस अशी त्यांवरची नावे बहुतेक ग्रीक आहेत. ही साक्ष मोलाची आहे, पण तिला जपून हाताळायला हवे, आणि का ते मराठी वाचकाला घराजवळच पाहता येते. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांचे दान देणाऱ्यांपैकी काहींनी स्वतःला धेनुकाकटाचे ‘यवन’ म्हणवून घेतले आहे आणि नावे मात्र भारतीय वळणाची कोरली आहेत. ते कुठून आले, घरी काय बोलत, हे नावांवरून कसे सांगणार? आईबाप मुलाचे नाव ठेवतात तेव्हा त्यात भाषा असते, धर्म असतो, प्रतिष्ठेची ओढही असते.

गावांच्या नावांची कथा याहून गुंतागुंतीची आहे. मॅसिडोनियाच्या राजांना जिथे पुरत ती जुनी राजधानी आयगाई. ती म्हणजे आजचे एदेसा, असे अभ्यासक दीर्घकाळ मानत. 1968 मध्ये निकोलस हॅमंड यांनी ती व्हेर्गिनापाशी असावी असे सुचवले आणि पुढच्या उत्खननाने ते खरे ठरवले. आता गंमत नव्हे, विचार करण्याजोगी बाब अशी की ‘व्हेर्गिना’ हे नावच प्राचीन नाही. कुत्लेस आणि बार्बेस ही दोन खेडी एकत्र करून 1920 च्या दशकात तिथे निर्वासितांना वसवले गेले आणि एका दंतकथेतल्या राणीवरून गावाला हे नाव मिळाले. एदेसाही त्याआधी कित्येक शतके स्लाव्ह बोलणाऱ्यांच्या तोंडी ‘व्होदेना’ होते. ग्रीक सरकारने त्या काळात उत्तरेकडच्या स्लाव्ह आणि तुर्की नावांच्या शेकडो गावांना ग्रीक नावे दिली. पुढे 1936 नंतर मेताक्सासच्या हुकूमशाहीत स्लाव्ह बोलण्यालाच बंदी आली. माणसे तीच, घरे तीच, पण आजीने नातवाशी तिच्या भाषेत बोलणे गुन्हा. मॅसिडोनियाच्या ग्रीकपणाचा पुरावा मांडणाऱ्या लेखनात हा भाग बहुधा गाळलेला असतो. तो गाळता कामा नये.

मग थडगी. 8 नोव्हेंबर 1977 रोजी मनोलिस अ‍ॅन्ड्रोनिकोस यांनी व्हेर्गिनाच्या टेकाडाखालचे दुसरे थडगे उघडले. ते लुटले गेले नव्हते. आत सोन्याची पेटी, झाकणावर सोळा किरणांचा तारा आणि पेटीत जळलेली हाडे. पुढच्या दालनात एका स्त्रीची हाडे जांभळ्या-सोनेरी कापडात, आणि दाराशी सिथियन घडणीचा सोन्याचा भाता. पायांची कवचे कमीजास्त लांबीची होती आणि फिलिप लंगडत चाले. काही आठवड्यांतच अ‍ॅन्ड्रोनिकोस यांनी हा दुसरा फिलिप असे जाहीर केले. फिलिपचा खून इसवी सनपूर्व 336 साली याच आयगाईच्या नाट्यगृहात, मुलीच्या लग्नसोहळ्यात झाला होता. सारे जुळत होते.

पण हे थडगे त्याच्या दुर्बल बुद्धीच्या मुलाचे, फिलिप आर्‍हिडेयसचेही असू शकते. त्याला इसवी सनपूर्व 317 मध्ये अलेक्झांडरची आई ऑलिंपियास हिने मारवले आणि पुढे सत्ता हाती घेणाऱ्या कॅसँडरने त्याला बायकोसह आयगाईत सन्मानाने पुरले. वाद इथे हाडांच्या भेगांवर येतो. ताज्या देहाचे दहन झाले तर हाडे वाकतात आणि आडव्या भेगा पडतात. आधी पुरून मांस झडलेली हाडे जाळली तर तसे होत नाही. आर्‍हिडेयसला आधी पुरले, नंतर जाळले असेल, तर त्याची हाडे कोरडीच जळली असणार. 2000 साली एका अभ्यासाने ही हाडे कोरडी जळल्याचे आणि डोळ्याच्या खोबणीत जखम नसल्याचे सांगितले. फिलिपचा तर एक डोळा मेथोनीच्या वेढ्यात बाणाने गेला होता. 2010 मध्ये दुसऱ्या गटाने तीच हाडे पाहून नेमके उलट सांगितले. काही अभ्यासकांच्या मते ती विषम कवचे पुढच्या दालनातल्या स्त्रीचीच, कारण तिच्या पायाचे हाड मोडलेले दिसते.

2015 मध्ये शेजारच्या पहिल्या थडग्यातल्या माणसाचा गुडघा आखडलेला आहे, म्हणून फिलिप तो, असा दावा पुढे आला. 2025 च्या एका अभ्यासाने कार्बन कालमापनावरून तो माणूस फिलिपच्या आधीचा, आणि हाडांवरून पंचवीस ते पस्तीस वयाचा ठरवला. फिलिप मारला गेला तेव्हा शेहेचाळीसचा होता. दुसऱ्या थडग्यात फिलिप आहे ही बाजू आता बळावली आहे असे मला वाटते, पण निकाल झाला असे म्हणणार नाही. जो तो हाडाला नाव द्यायला इतका उतावीळ असतो, कारण थडग्यात फिलिप निघाला तर जग येते आणि आर्‍हिडेयस निघाला तर येत नाही. अ‍ॅम्फिपोलिसला 2014 मध्ये कास्ता टेकडीतले भव्य थडगे उघडत असताना पंतप्रधान सामारास स्वतः जागेवर गेले, देशभर अलेक्झांडरचे नाव घुमू लागले. शेवटी आत निदान पाच जणांचे अवशेष निघाले. त्यात एक साठीची स्त्री होती आणि एक नवजात बाळ.

व्हेर्गिनाच्या त्या सोन्याच्या पेटीवरचा तारा स्वतंत्र झालेल्या मॅसिडोनिया प्रजासत्ताकाने 1992 मध्ये आपल्या ध्वजावर घेतला. ग्रीसने 1994 मध्ये व्यापारबंदी लादली, 1995 मध्ये प्रजासत्ताकाने ध्वज बदलला. नंतर राजधानी स्कोप्येतल्या सरकारने विमानतळाला अलेक्झांडरचे नाव दिले आणि शहराच्या मध्यभागी त्याचा उंच अश्वारूढ पुतळा उभारला. स्लाव्ह त्या भागात सहाव्या-सातव्या शतकांत आले, हे पहिले राष्ट्राध्यक्ष ग्लिगोरोव्ह यांना माहीत होते आणि त्यांनी ते उघड म्हटलेही होते. नंतरच्यांना तेवढे धैर्य उरले नाही. त्यांनी आपल्या लोकांना एक उसना पूर्वज दिला आणि त्या उसनवारीने त्यांच्या स्वतःच्या भाषेचा, स्वतःच्या विसाव्या शतकातल्या सोसण्याचा दावा कमकुवत केला.

आज मॅसिडोनियन म्हणवणाऱ्या लाखो माणसांचा स्वतःच्या नावावरचा हक्क अलेक्झांडरच्या भाषेवर अवलंबून नाही. त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ते नाव वापरले आहे, त्या नावाने शाळा शिकल्या आहेत, एवढे पुरे. अलेक्झांडर ग्रीक होता हे सिद्ध झाले तरी तो हक्क जात नाही, आणि नव्हता असे सिद्ध झाले असते तरी वाढला नसता. म्हणूनच ग्रीस आणि हे प्रजासत्ताक यांच्यातला 17 जून 2018 चा प्रेस्पा करार मला महत्त्वाचा वाटतो. त्याच्या सातव्या कलमात लिहिले आहे की ‘मॅसिडोनिया’ आणि ‘मॅसिडोनियन’ या शब्दांचा दोन्ही पक्षांसाठी अर्थ वेगळा आहे, आणि प्रजासत्ताकाची मॅसिडोनियन भाषा दक्षिण स्लाव्ह कुळातली असून प्राचीन हेलेनिक वारशाशी तिचा संबंध नाही. भाषेचे नाव राहिले, तारा गेला, देश ‘उत्तर मॅसिडोनिया’ झाला. त्या देशातल्या सप्टेंबर 2018 च्या सार्वमतात मतदारांपैकी जेमतेम सदतीस टक्के बाहेर पडले. पुढच्या जानेवारीत ग्रीक संसदेत 300 पैकी 153 मतांनी करार टिकला. दोन्ही देशांत त्याला फितुरी म्हणणारे होते, अजूनही आहेत. 2020 मध्ये तीच भाषा ही आपल्या भाषेची बोली आहे असे म्हणत बल्गेरियाने उत्तर मॅसिडोनियाची युरोपीय संघाशी होणारी बोलणी अडवली. या वेळी वादात अलेक्झांडर नव्हता, एकोणिसाव्या शतकातले क्रांतिकारक होते, आणि मागणी पुन्हा तीच होती: शेजाऱ्याने आपल्या आजोबांना कोणत्या नावाने हाक मारायची हे आम्ही ठरवू.