ही कुठं गेली?

आजी जाऊन वर्षं लोटली, तरी आजोबा रोज सकाळी विचारतात, "ही कुठं गेली?" "आजोबा, आजी गेली ना!" असं आपण सांगतो, आणि त्यांच्यावर ते दुःख पुन्हा पहिल्यांदाच कोसळतं. अल्झायमरमध्ये मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसला, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या भागाला, लवकर इजा होते. त्यामुळे नवं काही टिकत नाही, तरुणपणीचं मात्र बरंच उरतं. म्हणून कालचं जेवण आठवत नाही, पण लग्नातल्या शालूचा रंग आठवतो, त्याच्या जरीकाठासकट. आजोबा हट्ट करत नसतात, त्यांना आजी हवी असते. दरवेळी मृत्यूची बातमी कशाला द्यायची? मला तरी ते क्रूर वाटतं. त्यापेक्षा शेजारी बसा, चहाचा कप हातात द्या आणि विचारा, "आजोबा, आजी पोहे कसे करायची हो?"